परतीचा टकोरा

१

दुपारची जेवणं उरकली की कुवेतच्या खैतान वस्तीत चिटपाखरू दिसायचं नाही. जूनचं ऊन. कासमभाई सुलैबियाच्या विहिरींच्या मचूळ पाण्याचा टँकर दाराशी लावून आत यायचे आणि शेवटचा घास तोंडात असतानाच त्यांचे डोळे मिटायचे. बिल्कीसभाभी ओली चादर अंगावर घेऊन फरशीवर आडवी व्हायची. रस्ता झोपायचा, मशिदीसमोरचं दुकान झोपायचं. असरची, तिसऱ्या प्रहरची बांग होईपर्यंत सगळं कसं चिडीचूप.

घरात जागी एकटी ताहिरा.

दिवसा डोळा लागणं तिला कधी जमलंच नाही. रत्नागिरीला कॉलेजात होती तेव्हाही घर घोरत असायचं आणि ही पडवीत पुस्तक घेऊन बसलेली. लग्न होऊन कुवेतला आली, सासर म्हणजे गॅरेजमागच्या दोन खोल्या. एकीत थोरले दीर कासमभाई आणि त्यांची बायको बिल्कीस, दुसरीत झहूर आणि ती. एका कडेला लाकडी दार, त्या दारापलीकडे गॅरेज. सकाळ-संध्याकाळ तिथे पुरुषमाणसांचा राबता, तेव्हा ताहिरा तिकडे फिरकायची नाही. दुपारी मात्र शटर ओढलेलं असायचं, मालक आपल्या घरी गेलेला असायचा, आणि झहूर थोडं थांबून काम आवरत बसायचा. तेवढाच वेळ दोघांचा.

बिल्कीसभाभीला ते खुपायचं. "गॅरेजात काय गो ठेवलंय? तेलाचे डबे?" ती म्हणायची. "आणि जपून जा. आमच्या ताहिराला मांजर शिंकलं तरी ताईत बांधावा लागतो."

हे मात्र खोटं नव्हतं. दार आपटलं, स्टोव्ह भडकला, कोणी मागून नुसती हाक मारली, तरी ताहिरा जागच्या जागी उडायची. हातातलं खाली पडायचं. लग्नात भेट आलेल्या सहा कपांतले दोनच उरले होते, आणि बाकीचे कसे गेले ते घरात सगळ्यांना पाठ होतं.

ती गाडी आली तीही अशाच एका दुपारी. ताडपत्रीत गुंडाळलेली, दुसऱ्या गाडीला दोराने बांधून ओढत आणलेली. झहूरने ताडपत्री खेचली आणि दोन पावलं मागे सरून कमरेवर हात ठेवले.

इंग्लंडहून आलेली, दोन माणसांची, बिनछपराची गाडी. पुढचं नाक हे एवढं लांब, त्यावर एक चामडी पट्टा आवळलेला. चाकांना सायकलीसारख्या तारा. दारं मधेच खाली कापलेली, आत बसून हात सोडला तर पंजा रस्त्याला लागावा इतकी बुटकी.

"ही धावते?" ताहिराने विचारलं.

"धावते? भल्याभल्यांना मागे टाकते." झहूरने कडेच्या पत्र्यावर तळवा फिरवला. "पण आतून खिळखिळी झालीय. मालकाच्या मुलाने, यूसुफसाहेबांनी एका गोऱ्या साहेबाकडून घेतलीय. म्हणाले, झहूर, जहरा गावापर्यंत जाऊन परत ये, आणि गाडीतून कुठूनही कुरकुर येता कामा नये. तसं झालं तर हमरस्त्यावरचा नवा वर्कशॉप तुझ्या हाताखाली. वरची खोली राहायला."

"वरची खोली? आपली?"

"आपलीच."

ताहिराने मधल्या दाराकडे पाहिलं. पलीकडे बिल्कीसभाभी झोपेत काहीतरी पुटपुटत होती.

२

गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती, बांधणीच्या नकाशांची. झहूरचं इंग्रजी म्हणजे यस-नो आणि स्क्रूच्या मापांपुरतं. तेव्हा दुपारी स्टुलावर बसून ताहिरा वाचायची आणि तो जमिनीवर बसून पत्रा उकलायचा.

"खाली पोलादाची चौकट," ती वाचून सांगायची, "आणि तिच्यावर सगळा सांगाडा लाकडाचा. त्या लाकडावर पत्रा ठोकायचा."

"लाकडाचा!" झहूर लहान पोरासारखा हसला. "बघ, गो. चौकट वळणावर पिळते. लोखंडावर लोखंड असतं तर कुठेतरी तडकलं असतं. लाकूड तिच्याबरोबर थोडं पिळतं नि परत जाग्यावर येतं. ज्याने ही आखली ना, त्याच्या घराण्यात कोणीतरी होडी बांधणारा असणार. गाडी नव्हेच ही. उलटी कर, तरंगेल."

जयगडच्या खाडीत झहूरचा बाप होड्या बांधायचा. पत्र्याच्या कामात झहूर कितीही मुरला तरी लाकूड दिसलं की त्याचा हात वेगळाच चालायचा.

पण त्या गाडीतलं लाकूड मेलं होतं. इंग्लंडच्या ओल्या हवेत वाढलेलं ते झाड, हॉकीच्या काठ्या करतात ते, कुवेतच्या उन्हात सुकून आक्रसलं होतं. सांधे सुटले होते, बोटाने दाबलं तर भुसा पडायचा. तसं लाकूड इथे मिळणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी झहूर कासमभाईंना टँकरसकट घेऊन समुद्रकाठी गेला. तेल निघाल्यापासून जुन्या गलबतांना कोणी विचारत नव्हतं. वाळूत एका अंगावर कलंडलेली कितीतरी पडली होती, लोक सरपणाला फळ्या काढून नेत. संध्याकाळी दोघे भाऊ परतले ते टँकरच्या टपावर वाकडी काळी लाकडं बांधून. गलबताचे वांक, म्हणजे पोटातल्या बरगड्या.

"मलबारी साग," झहूर म्हणाला. "उगवतानाच वाकलेला. चाकावरची कमान याच्यातून अशी निघेल की जोड द्यायला नको."

"कुठल्या गलबताचे?" ताहिराने विचारलं.

"मोडीत निघालेल्या." कासमभाई हात धूत म्हणाले. "नाव पुसलं होतं. बाकीची सगळी लोकांनी सोलून नेली, हे एकच तसंच उभं होतं. कोणाचा हात लागला नव्हता बघ त्याला. नशीब आपलं."

मग लाकूड पारखायचं काम. ते झहूरने बायकोला शिकवलं. वांकाच्या एका टोकाला एकाने बोटाच्या पेराने टकोरा मारायचा, दुसऱ्याने पलीकडच्या टोकाला कान लावायचा. आवाज सरळ पोचला, लाकूड आतून अखंड असलं, तर ऐकणाऱ्याने उलट एक टकोरा द्यायचा. म्हणजे पोचलं, पुढे चल. मग मारणारा पुढच्या वांकावर. आवाज फुटका आला तर गप्प बसायचं. गप्प म्हणजे थांब.

"तोंडाने सांगायला काय होतं?" ताहिरा हसून म्हणाली.

"एक होडीच्या पोटात आणि एक बाहेर असला की तोंडाचं कोण ऐकतंय? बाबा आत, मी बाहेर, असं दिवस दिवस चालायचं. आता तर हाताला खोडच लागलीय. कोणी दार वाजवलं तरी आधी माझं बोट उलट टकोरा देतं, मग मी उठतो."

ताहिराने वांकाला कान लावला. साग गार होता. त्या उन्हात, त्या पत्र्याखाली, इतका गार की तिने कान काढून परत लावला.

टक्.

तिने पेर वाकवलं आणि उत्तर दिलं.

३

सांगाडा उभा राहिला. नकाशात होता तसाच, फक्त पांढऱ्या लाकडाऐवजी काळा. मागे जादा चाक ठेवायची चौकट, तिच्यापुढे चाकांवरच्या कमानी, मग पाठटेकूचे वांक, मग दाराचे खांब. पत्रा अजून कडेला टेकून ठेवला होता. नुसत्या सांगाड्यात ती गाडी किनाऱ्यावर बांधायला घेतलेल्या मचव्यासारखी दिसत होती.

त्या दुपारी ताहिरा पुस्तिका घेऊन आली तेव्हा झहूर दिसला नाही. गाडीखाली असणार. तो नेहमी फळकुटावर उताणा होऊन मागच्या बाजूने आत सरकायचा. ती स्टुलावर बसली आणि पान उलटू लागली.

टक्.

आवाज अगदी मागच्या टोकाकडून आला. ती उठली, लाकडाला कान लावला. पुन्हा टक्. सरळ, भरीव. तिने उलट टकोरा दिला.

थोडा वेळ गेला. मग पुढच्या वांकावर टक्. तिने उत्तर दिलं. मग कमानीवर. झहूर आज भराभर पुढे जातोय, तिला वाटलं. तिने तिथेही उत्तर दिलं.

"चहा टाकू का?" तिने विचारलं.

तिने पुस्तिका मिटून हातात धरली.

"अहो, चहा?"

ती वाकली. गाडीखाली फळकूट होतं. त्यावर कोणी नव्हतं. पलीकडची भिंत सरळ दिसत होती.

आपण ओरडलो नाही याचं तिला मागाहून नवल वाटलं. पुस्तिका तेवढी हातातून पडली. ती मधल्या दारातून आत गेली. झहूर त्यांच्या खोलीत खाटेवर पडला होता, तोंड उघडं, एक पाय खाली लोंबलेला. गाढ झोपेत. बऱ्याच दिवसांचा शीण असा एकदम आलेला.

तिने त्याला उठवलं नाही. उठवून सांगायचं काय? लाकडाने टकटक केली? पलीकडून भाभीने ऐकलं असतं तर रात्रीच्या जेवणापर्यंत ते पुरलं असतं.

४

ताहिराने कॉलेजात पदार्थविज्ञान घेतलं होतं. उष्णतेने वस्तू प्रसरण पावतात. लाकूड तापतं, निवतं, सांधा हलतो, आवाज होतो. घराची दारं बोलतात, पत्रा बोलतो. हे तिने स्वतःला अगदी परीक्षेत लिहावं तसं मुद्देसूद सांगितलं.

फक्त एवढंच, की सांधा उत्तराची वाट बघत नाही.

दुसऱ्या दुपारी झहूर तिच्यासमोर बसून पत्रा ठोकत होता तेव्हा काही नाही. तो हातपाय धुवायला गेला आणि टकोरा आला. काल थांबला त्याच्या पुढच्या जागेवरून, म्हणजे कमानीपुढच्या वांकावरून. ताहिराने दोन्ही हात काखेत आवळले. थांबली. परत टकोरा, तिथेच. परत. घाई नाही, राग नाही. समोरच्याला ऐकू आलं नसेल तर पुन्हा सांगावं, तसा.

ती गप्प राहिली आणि तो पुढे सरकला नाही.

गप्प म्हणजे थांब. नियम त्याच्याकडेही तोच होता. याने तिला धीर यायला हवा होता. आला नाही. नियम त्याला ठाऊक होता, हेच तिच्या डोक्यातून जाईना.

गाडीखालचा भुसा ओला होता. तिने चिमटीत घेतला. कपडे दोरीवर टाकताच वाळत होते त्या दिवसांत भुशातून पाणी निथळत होतं. जिभेला लावलं तर खारट. टँकरचं पाणी मचूळ असतं, तिने स्वतःला सांगितलं. कासमभाईंनी बादली लवंडली असेल. नंतर विचारलं तर कासमभाई म्हणाले, "मी कशाला गॅरेजात बादली नेऊ? मला गाड्यांशी काय करायचंय?"

मग ते झालं. सकाळची वेळ. मधलं दार किलकिलं होतं आणि ताहिरा फटीतून झहूरला पाहत होती. तो पाठटेकूवर कानस चालवत, काहीतरी गुणगुणत होता. मालक शटरबाहेर कोणाशी तरी बोलत होता. कमानीजवळ टक् झालं. स्पष्ट.

झहूरने मानही वर केली नाही. कानस चालूच. डाव्या हाताचं बोट तेवढं वाकलं आणि शेजारच्या लाकडावर एकदा वाजलं.

पुढच्या वांकावर टक्.

झहूरने उत्तर दिलं. गुणगुणणं चालूच होतं.

"अहो!" ती दारातूनच ओरडली. पुरुषमाणसं बाहेर आहेत हेही तिला सुचलं नाही.

"काय गो, काय झालं?"

"तुम्ही आत्ता टकोरा कोणाला दिलात?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग स्वतःच्या हाताकडे. "मी? कुठे दिला?"

५

त्यानंतर ती मोजत नव्हती, पण कळत होतं. मागचं टोक मागे पडलं, कमानी मागे पडल्या. आता आवाज पाठटेकूच्या वांकांतून यायचा. चालवणारा ज्याला पाठ लावून बसतो, ते वांक. त्यांतला शेवटचा तेवढा राहिला होता.

पत्रा बसला होता. आतून चामडं ठोकायचं बाकी होतं, त्यामुळे पाठटेकूमागे पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये बोटभर फट उघडी होती. शुक्रवारची दुपार. भाऊ-भाऊ नमाजाहून येऊन, जेवून झोपले होते. ताहिरा गाडीजवळ जाणार नव्हती. पण उद्या चामडं ठोकलं गेलं की ती फट मिटणार, आणि आपण पाहिलं नाही तर जन्मभर आपल्याला वाटत राहणार की काहीच नव्हतं, किंवा होतं. तिला एक काहीतरी पक्कं हवं होतं.

छताच्या पत्र्याला खिळ्याचं भोक होतं. त्यातून उन्हाची सळई खाली उतरायची आणि दुपारभर जमिनीवरून सरकत जायची. आत्ता ती गाडीत, बरोबर त्या फटीत पडली होती.

ताहिरा सीटवर गुडघे टेकून वाकली आणि एक डोळा फटीला लावला.

आधी नुसतं काळं लाकूड. त्यावर पाण्याचे ओघळ. मग लाकडाशी काहीतरी फिकट. तिला वाटलं, कापूस असेल, फटीत कोंबतात तसला. मग तिला त्यावरच्या सुरकुत्या दिसल्या. फार वेळ पाण्यात राहिल्यावर कातडीला पडतात तशा. वाकलेली पेरं होती ती. चार. वांकाला नुसती टेकलेली, एक जरा पुढे काढलेलं.

वाट बघत होती.

ती मागे कशी सरली, आत कशी आली, तिला आठवलं नाही. झहूर तिला धरून हलवत होता आणि दारात बिल्कीसभाभी केस बांधत उभी होती.

"ते मागचं लाकूड काढा," ताहिरा म्हणत होती. "सगळं काढा. दुसरं लावा. त्यात तुम्ही बसू नका."

"मंगळवारी यूसुफसाहेब येणार. आता काढायचं?"

"आत हात आहे कोणाचा तरी."

झहूर उठला. सरळ गॅरेजात गेला, फटीत बॅटरी मारली, वाकून बघितलं, बोट घालून बघितलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा चिडलेला नव्हता. कंटाळलेला होता, आणि ते जास्त लागलं.

"लाकूड आहे. ओल धरलीय थोडी, सागाला समुद्राची सवय असते. बाकी काय नाही."

"मी बघितलं हो."

"ताहिरा." तो खाटेवर बसला. "मी किती वर्षं दुसऱ्याच्या गाड्यांचे पोचे काढतोय. एक काम असं आलं की माझं म्हणता येईल. तुला इथे घुसमटतं ना? मलाही घुसमटतं. चार दिवस धीर धर."

"जा, हातपाय-तोंड धुऊन वजू करून ये," बिल्कीसभाभी म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "दोन रकात नमाज पढ. पोटात काही असलं की असं होतं. मला कासम झोपेत सुद्धा गाढवासारखा दिसायचा." मग तिला राहवलं नाही. "अजूनही दिसतो म्हणा."

झहूर हसला. उद्याची वाट न बघता त्याने त्याच संध्याकाळी चामडं ठोकलं. एकेक खिळा आत जाताना ताहिरा ऐकत होती. मधूनच हातोडा थांबायचा, एक बारीक टकोरा व्हायचा, आणि तो कोणाचा ते दाराअलीकडून कळत नव्हतं.

६

मंगळवारी सकाळी गाडीची किल्ली सापडेना.

झहूरने खिसे उलटे केले, हत्यारांची पेटी रिकामी केली, कासमभाईंनी टँकरच्या सीटखाली सुद्धा पाहिलं. ताहिरा चुलीपाशी पाठ फिरवून कांदा चिरत राहिली. बाहेर यूसुफसाहेबांचा आवाज आला. कोरा पांढरा पायघोळ दिश्दाशा घातलेला तरुण माणूस, विलायतेत शिकून आलेला, मोडक्या हिंदीत हसून बोलणारा.

मग बिल्कीसभाभीने पाहुण्यांच्या बिर्याणीसाठी तांदळाच्या डब्यात हात घातला.

"हे बघा!" ती किल्ली उंच धरून ओरडली. "ताहिराने तांदळात किल्ली पेरलीय! आता किल्ल्यांचं पीक येणार घरात!"

सगळे हसले, कासमभाई तर डोळे पुसून हसले. झहूर हसला नाही. भाभीच्या हातातून किल्ली घेताना त्याने ताहिराकडे एकदाच पाहिलं.

यूसुफसाहेब म्हणाले, गाडी तू बांधलीस, पहिल्यांदा तूच चालव. मी माझ्या गाडीतून मागे येतो. आवाज झाला तर मला ऐकू येईल.

शटर वर गेलं. गाडी उन्हात आली आणि तिचा हिरवा रंग असा चमकला की रस्त्यावरची माणसं थांबली. झहूर आत बसला. नाकावरचा चामडी पट्टा त्याने स्वतः आवळला होता. इंजिन सुरू झालं, आणि ते लांब नाक हलकेच थरथरायला लागलं.

ताहिरा ओढणी सावरत गाडीपाशी गेली. इतक्या पुरुषांसमोर ती आजवर कधी आली नव्हती. भाभीच्या तोंडून "अगो बाई" एवढंच निघालं.

"एक ऐका," ती वाकून म्हणाली. "पाठीमागून टकोरा आला तर उत्तर देऊ नका. माझी शपथ आहे. काही झालं तरी गप्प बसा."

झहूरच्या चेहऱ्यावरचा राग उतरला. त्याने तिच्या हातावर हात ठेवला. "नाही देणार. जा आत, ऊन लागेल."

ती मागे सरली. त्याने गियर टाकला, मान वळवून मोकळा रस्ता बघितला. पाठ टेकली.

इंजिनाच्या घरघरीत तिला काही ऐकू येणं शक्य नव्हतं. तिने फक्त पाहिलं. झहूरची मान किंचित कलली, कोणी मागून बोलावलं की कलते तशी. डोळे रस्त्यावरच होते. दाराच्या कापलेल्या कडेवर त्याचा हात होता. त्या हाताचं एक बोट वाकलं, उचललं गेलं आणि लाकडावर एकदा पडलं.

गाडी सुटली. तिच्यामागे यूसुफसाहेबांची गाडी. जहराच्या दिशेला धूळ उठली आणि बसली.

७

जेवणाच्या आधी तो परत आला.

ताहिरा दारातून हललीच नव्हती. हिरवं नाक वळणावर दिसलं तेव्हा ती खाली बसली आणि भाभीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. झहूर उतरला, हसत, केसांत वाळू, डोळे लाल. यूसुफसाहेब स्वतः चालत त्याच्यापर्यंत आले आणि त्यांनी त्याला मिठी मारली.

"एक आवाज नाही!" ते कासमभाईंना सांगत होते. "पाण्यावर चालते, पाण्यावर!"

वर्कशॉपचं पक्कं झालं. वरच्या खोलीला दोन खिडक्या आहेत असंही यूसुफसाहेब म्हणाले. बिर्याणी संपली, गाडी त्यांनी आपल्या हाताने नेली. ताहिरा गॅरेजात जाऊन आली. गाडी होती त्या जागेवरचा भुसा कोरडा ठणठणीत होता. तिने तो मुठीत घेतला, सोडला. किती दिवसांनी छातीत पूर्ण श्वास गेला.

दुपार झाली. कासमभाई घोरायला लागले. झहूर खोलीत येऊन सदरा काढू लागला तर तो पाठीला चिकटून बसला होता. ताहिराने ओढून काढला. पिळला असता तर बादलीत पडलं असतं इतकं पाणी.

"घाम," तो म्हणाला. "सीट गरम नव्हती म्हणा. उलट गार होती चांगली. पाठ जरा भरून आलीय. दाबतेस?"

तो पालथा पडला. तिने खोबरेल चोळलं. त्याची पाठ गार होती. भरल्या उन्हातून आलेल्या माणसाची पाठ गार. वाऱ्याने, तिने स्वतःला सांगितलं. बिनछपराची गाडी. तो तिच्या हाताखालीच झोपला.

आपण त्याच्यावर किती ओरडलो, किल्ली लपवली, चार माणसांत त्याला खाली पाहायला लावलं. तिला भरून आलं. ती हळूच वाकली आणि त्याच्या पाठीवर गाल टेकला, मग कान. त्याचा श्वास आत येत होता, जात होता. लांबच्या भरतीसारखा. खोलवर काळीज चालू होतं. तिने डोळे मिटले.

टक्.

काळजाच्या कितीतरी खालून. शेवटच्या बरगडीतून. सरळ, भरीव, मधे कुठेही न फुटलेला.

मग शांतता. ओळखीची.

ताहिराने कान काढला नाही. काढताच येईना. तिने उजव्या हाताची मूठ डाव्या हातात घट्ट धरली. गप्प म्हणजे थांब. नियम त्यालाही ठाऊक होता. त्याने तो एकदाही मोडला नव्हता. म्हणजे आपण गप्प राहिलो तर तो तिथेच राहील. आज, उद्या, वरच्या खोलीत, म्हातारपणापर्यंत. झोपेत झहूरचे हात उशीखाली आवळून धरू. दारं वाजू देणार नाही. आपण उत्तर द्यायचं नाही, बस्स. एवढं एक तिला जमायला हवं होतं. बाकी आयुष्यात काही जमलं नाही तरी चाललं असतं.

टक्. तिथेच. घाई नाही.

ती गप्प. बाहेर रस्ता झोपलेला. मशिदीत कोणीतरी खाकरलं, बांगेची वेळ होत आली होती. पलीकडच्या खोलीत बिल्कीसभाभी उठल्याची चाहूल लागली. चादर झटकली, पाय ओढत ती चुलीकडे गेली, बिर्याणीचं रिकामं पातेलं उचललं.

पातेल्याचं झाकण फरशीवर पडलं.

ताहिरा उडाली. हात सुटले. तिच्या बोटाचं पेर झहूरच्या पाठीवर पडलं, इतकं हलकं की तो हललाही नाही.

"काय नाही गो, झाकण पडलं!" पलीकडून भाभी हसून म्हणाली. "घाबरलीस ना?"

ताहिराने कान पुन्हा पाठीला लावला. ती ऐकत होती. श्वास आत आला, बाहेर गेला. झहूर झोपेत किंचित हसला.

मग टकोरा आला. एक बरगडी वर.